टकळी

आमची सून पुण्याहून सणाला गावी येते, तेव्हा तिच्या पिशवीत लोकरीचा गुंडा आणि दोन लांब सुया असतात. रात्री जेवणं झाली, की ओसरीत भिंतीला टेकून ती विणत बसते. सुलट टाका, उलट टाका. एकदा मी विचारलं, "पोरी, बाजारात स्वेटरांचे ढीग पडलेत. एवढा खटाटोप कशाला?"

ती म्हणाली, "मामा, स्वेटरसाठी कुठं विणतीय? दिवसभर कंप्युटरपुढं बसून डोकं भणभणतं. चार ओळी विणल्या की गप होतं."

मला आमचे दादा आठवले.

आम्ही माणदेशातले. सहा एकर कोरडवाहू रान, दोन बैलं आणि वीस-बावीस मेंढरं. काळ्या, राठ लोकरीची दख्खनी मेंढरं. कातरलेली लोकर घरातच पिंजायची, तिचे पेळू करायचे आणि सूत कातायचं. बायका चरख्यावर काततात, पण मेंढरांमागं हिंडणाऱ्या गड्याच्या हातात लाकडी टकळी. मांडीवर घासून ती फिरवायची आणि लोंबत सोडायची. गिरक्या घेत ती खाली जाते, तसा चिमटीतून धागा सुटत जातो. चालता चालता, बोलता बोलता काम चालतं. मात्र हात रागात असला की धागा तुटलाच म्हणून समजा. मन भलतीकडं गेलं की गाठ पडते. हे मला कुणी सांगितलं नाही, दादांच्या शेजारी बसून कळलं.

शाळेतली टकळी निराळी. पितळेची चकती, बारीक काडी आणि कापसाचे पेळू. सूतकताईचा तास असायचा. ही टकळी आमच्या शाळेत आली कुठनं, ते मला लई उशिरा कळलं. गांधीजी १९२२ ते १९२४ येरवड्याच्या तुरुंगात होते, तेव्हा नेमानं सूत कातत. १९३० साली पुन्हा तिथंच गेले, तेव्हा पेटीत मावेल अशा चरख्याची खटपट त्यांनी केली. येरवडा चरखा हे नाव त्यावरूनच पडलं. कातण्याला ते यज्ञ म्हणायचे. पुढं १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांची समिती बसली आणि हाताच्या उद्योगातून शिकवायचं असं ठरलं. तीच नई तालीम. शाळेत कातलेल्या सुतावर कुणाचं पोट भरलेलं मी पाहिलं नाही. पण त्या तासाला आमचा हूड वर्ग छडीशिवाय गप बसायचा, एवढं खरं.

मग १९७२ आलं. मी तेव्हा सहावीत. त्याआधीही पाऊस धड नव्हता, त्या साली तर त्यानं पाठच फिरवली. मेंढरं गेली मातीमोलानं. बैलं शेवटपर्यंत धरली होती, तीही दिवाळीनंतर दादा बाजारात सोडून आले. घरी आले तेव्हा खांद्यावर नुसता कासरा होता. तो त्यांनी खुंटीला अडकवला आणि रिकाम्या दावणीपाशी जाऊन बसले.

दिवसा आय आणि दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची, रेशनला अमेरिकेचा तांबडा मिलो. रात्री दादा गोठ्यात जायचे. कातरलेल्या लोकरीचं एक पोतं तेवढं राहिलं होतं. कंदिलाच्या उजेडात टकळी फिरत राहायची. सूत घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं. आय चिडायची, "त्या सुताचं काय कालवण करायचंय व्हय?" दादा उत्तर द्यायचे नाहीत.

एके दिवशी खुंटीवरचा कासरा दिसेना. मी विचारलं तर आय म्हणाली, "तुला काय करायचंय? अभ्यास कर." त्यानंतर मात्र ती टकळीवरून कधी बोलली नाही. उलट स्वतःच पेळू करून दादांपुढं ठेवायला लागली. पोतं सरलं तेव्हा भावकीत जाऊन लोकर मागून आणली. मिलो मागायला कधी गेली नाही, लोकर मागायला गेली. रात्री दादा गोठ्यात असेपर्यंत ती उंबऱ्यात बसून राहायची. मला वाटायचं, सोबत म्हणून बसते.

पुढच्या साली पाऊस पडला. पेरणीच्या वक्ताला कासरा कणगीच्या तळातनं निघाला. तो तिथं का गेला होता, हे कळायला मला स्वतः बाप व्हावं लागलं. दादा असेपर्यंत त्यांनी किंवा आयनं त्याचा विषय काढला नाही.

त्या सुताची सनगराकडनं घोंगडी विणून घेतली. चिंचोक्याची खळ दिलेली, अंगाला टोचणारी. आजही ती माझ्या खाटंवर आहे. मधला हातभर पट्टा गाठीगाठींचा आहे, पुढं सूत सरळ होत गेलंय.

मागच्या दिवाळीत सुनंनं ती मांडीवर घेतली आणि त्या पट्ट्यावरून बोटं फिरवली. म्हणाली, "मामा, इथं हात बिघडलाय जणू." मी तिला कासऱ्याची गोष्ट सांगितली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग पिशवीतल्या दुसऱ्या सुया काढून माझ्या हातात दिल्या. नांगर धरलेली बोटं ती, टाका सुईवर ठरंना. त्या रात्री माझी पहिली ओळ तिनं तीनदा उसवली.