भाषांतराच्या तासाची कुळकथा

इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या प्रशिक्षणात एक सूचना हमखास मिळते: वर्गात भाषांतर करून घेऊ नका. ही पद्धत अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रशियातल्या शाळांत रुजली, लॅटिनसारखीच जिवंत भाषाही नियम घोकून आणि सुटी वाक्ये उलथवून शिकवण्यातून ती आली, असा तिचा इतिहासही सांगितला जातो. तो खोटा नाही, पण आपल्याकडच्या भाषांतराच्या तासाला तो पुरत नाही. मराठी मुलखात या तासाचे एक मूळ दोन भाषा शेजारी ठेवून वाचण्यात आहे आणि त्या वाचनाची ये-जा दोन्ही बाजूंनी होती. तास बिघडला तो त्यातली एक वाट बंद पडल्यामुळे, असे माझे म्हणणे आहे.

पुरावे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला. मराठी शिकणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना त्याची गरज होती. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले. त्याच्या पानावर दोन स्तंभ असत, एकात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी. विलायती विद्या इथल्या लोकांपर्यंत पोचवणे हा त्याचा उघड हेतू होता, पण तोच अंक हाती घेऊन एखादा इंग्रजही मराठी ताडून पाहू शकत होता. 1836 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचे व्याकरण लिहिले ते इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून. इंग्रजी-मराठी कोश 1847 मध्ये आला. त्याच्याशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या मेजर कँडींनीच विरामचिन्हे मराठीत रूढ केली. आज आपण सहज देतो तो स्वल्पविराम या शेजाराचीच देणगी आहे. इंग्रजी शिकता-शिकवता मराठीचे लेखनही बदलले. भाषांतर एकेरी असते तर हे घडले नसते.

पुढे शाळा वाढल्या, परीक्षा वाढल्या आणि गुण मिळू लागले ते मुख्यतः इंग्रजी वाक्याला. तर्खडकरांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या तयार झाल्या, पण मराठी वाक्य आता केवळ कच्चा माल उरले. त्याविरुद्ध प्रतिक्रिया उमटणारच होती. व्याकरणाच्या जाड पुस्तकामुळे घरोघरी माहीत असलेले रेन मुंबई प्रांताच्या शिक्षणखात्यात होते आणि त्यांनी पुस्तक लिहून पुरस्कार केला तो थेट इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवण्याचा!

थेट पद्धतीच्या या पक्षाचा पहिला आक्षेप असा की भाषांतराने जीभ अडखळते. सुट्या वाक्यांच्या घोकंपट्टीबाबत तो रास्त आहे. पण ‘मला ताप आला आहे’ या वाक्यात कर्ता ताप आहे आणि इंग्रजीत तोच ताप ‘मी’च्या मालकीचा होतो, हे दोन्ही वाक्ये समोरासमोर ठेवल्यावाचून कसे कळणार? परतीची वाटही नवी नाही: इंग्लंडात रॉजर ॲशम या शिक्षकाने 1570 च्या ग्रंथात उताऱ्याचे भाषांतर करून, काही वेळाने तो पुन्हा मूळ भाषेत नेऊन ताडण्याची रीत सांगितली होती. भाषाशिक्षणाचे अभ्यासक गाय कुक यांनी 2010 मध्ये भाषांतराची बाजू नव्याने मांडली, आणि युरोपच्या भाषिक चौकटीने 2018 मध्ये दोन भाषांमधल्या मध्यस्थीसाठी सविस्तर निकष दिले.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. तो अनेक भाषांच्या वर्गाचा. मराठी मुलखाबाहेर, भोपाळच्या बाग सेवनियासारख्या वस्तीतल्या वर्गात हिंदी, माळवी, बुंदेली, मराठी अशी घरे एकत्र येतात. भाषांतर करायचे ते कुठल्या भाषेत? भोपाळच्याच प्रादेशिक शिक्षण संस्थेत मध्य प्रदेशाबरोबर महाराष्ट्र, गुजरात, गोवा इथल्या शिक्षकांचेही काम चालते, म्हणजे प्रश्न शिकवणाऱ्यांपुढेही तोच आहे. पण यातून भाषांतर बाद होत नाही, फक्त शिक्षकाची एकच भाषा प्रमाण मानण्याची सवय बाद होते. एकच इंग्रजी उतारा गटागटाने आपापल्या बोलीत नेऊन परत आणला, तर कुणाचे काय निसटले याची तुलना होईल. शिक्षकाला सगळ्या बोली येण्याची गरज नाही, परत आलेले इंग्रजी तपासता आले की पुरे. टाकायचे असेल तर एकेरी भाषांतर टाकावे. परतीच्या वाटेचे भाषांतर मात्र वेळापत्रकात हक्काने असावे.