मळीची गोडी

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांतील न्यू इंग्लंड प्रांतांत घरोघर एक काळसर तपकिरी, मऊ कुकी भाजण्याचा प्रघात आहे. तिचें साहित्य साधेंच: गव्हाचें पीठ, लोणी, एखादें अंडें, सुंठ, दालचिनी, लवंग, खाण्याचा सोडा, आणि जिच्यावांचून तिला स्वतंत्र नांवच मिळालें नसतें ती मोलॅसिस. हा शब्द ऐकून आमच्या वाचकांस काकवी आठवेल. परंतु काकवी म्हणजे गूळ होण्यापूर्वीं उतरून घेतलेला उसाचा पाक. तींत रसाची सारी गोडी शाबूत असते. मोलॅसिस म्हणजे साखरेचे दाणे काढून घेतल्यावर मागें उरलेला दाट, काळा, किंचित् कडवट द्रव. आमच्या साखर-कारखान्यांत तिला मळी म्हणतात. कारखान्यांतील मळी कोणी खात नाहीं, व अमेरिकेंतील खाण्याची मोलॅसिस तिच्याहून पुष्कळ स्वच्छ असते, हें खरें. तथापि दोघींचें कूळ एकच, आणि मराठी भाषेनें येथें जी स्पष्टोक्ति केली आहे ती आम्हांस पसंत आहे. म्हणून पुढें आम्ही मळी हाच शब्द योजतों.

ही कुकी मऊ कां राहते? मळींत द्राक्षशर्करा व फलशर्करा यांचा अंश बराच असतो, आणि त्या ओलावा धरून ठेवतात. शिवाय मळी आम्लधर्मी असल्यानें सोड्याशीं संयोग होऊन वायु सुटतो व पीठ फुगतें. बाकीचें कौशल्य गृहिणीचें. भिजविलेलें पीठ थंड जागीं ठेवून त्याचे अक्रोडाएवढे गोळे करावयाचे, साखरेंत घोळवावयाचे, सुमारें दहा मिनिटें भाजावयाचे, आणि मध्यभाग अद्याप कच्चा दिसत असतांनाच पत्रा भट्टीबाहेर ओढावयाचा; उरलेलें काम तापलेला पत्राच पुरें करतो. आणखी दोन मिनिटांचा लोभ धरला कीं कुकी कडक झालीच म्हणून समजावें.

पण न्यू इंग्लंडांत ऊस पिकत नाहीं. तेथील बर्फांत तो जगणेंच अशक्य. मग तेथील शेतकऱ्याच्या कोठीघरांत मळीचें पीप आलें कोठून?

तें आलें वेस्ट इंडीज बेटांतून. तेथें आफ्रिकेंतून पकडून आणलेले गुलाम ऊस तोडीत, चरकांत घालीत व रात्र रात्र कढयांपाशीं उभे राहत. साखर युरोपास जाई. मळी मागें राही. फ्रेंचांच्या सेंट डोमिंग, मार्टिनिक वगैरे बेटांवर ती विशेष स्वस्त असे. कारण मळीची रम मायदेशीं आली तर आपली ब्रँडी खपणार नाहीं, या भीतीनें फ्रान्सनें तिला दार बंद केलें होतें. बोस्टन, सेलेम, न्यूपोर्ट या बंदरांतील व्यापाऱ्यांनीं ही संधि साधली. त्यांचीं गलबतें इमारती लांकूड, घोडे आणि खारविलेला कॉड मासा घेऊन दक्षिणेस जात. या माशांत प्रती असत. उत्तम मासा स्पेन-पोर्तुगालच्या बाजारांत जाई; तुटका, करपलेला, जो दुसऱ्या कोणी घेतला नसता, तो बेटांवरील गुलामांच्या पोटासाठीं पाठवीत. म्हणजे टाकाऊ मासा देऊन टाकाऊ मळी घ्यावयाची! उभयपक्षीं केवढी ही काटकसर! दोन टाकाऊ जिनसांच्या मध्यें जो मनुष्य उभा होता, त्यासहि टाकाऊच मानण्यांत आलें होतें. आलेल्या मळीचा मोठा भाग रमच्या भट्ट्यांत जाई, आणि न्यूपोर्टचीं गलबतें ती रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेऊन तिच्या मोबदल्यांत आणखी माणसें विकत घेत. स्वयंपाकघराच्या वाट्यास येई तो या प्रवाहांतील एक लहानसा ओघळ.

आमच्या विद्यार्थ्यांस अमेरिकन राज्यक्रांति म्हटली कीं १७७३ सालीं समुद्रांत फेकलेल्या चहाच्या पेट्या आठवतात. परीक्षकांसहि त्याच आठवत असाव्यात. वस्तुतः भांडणाचें बीं त्याच्या चाळीस वर्षें आधीं मळींत पडलें होतें. ब्रिटिश बेटांवरील मळेवाल्यांच्या आग्रहावरून पार्लमेंटनें १७३३ सालीं परकी मळीवर दर गॅलनास सहा पेन्स जकात बसविली. ती भरण्यापेक्षां चोरटा व्यापार व लाचलुचपत स्वस्त पडे, म्हणून तीस वर्षें कोणी फारशी तक्रार केली नाहीं. १७६४ सालीं जकात तीन पेन्सांवर आणली, पण ती खरोखरीच वसूल करण्याचें ठरलें. तेव्हां मात्र ओरड झाली. जॉन अॅडम्स यानें उतारवयांत, १८१८ सालीं लिहिलेल्या एका पत्रांत, मळी हा अमेरिकन स्वातंत्र्याचा एक आवश्यक घटक होता हें मोकळेपणानें कबूल केलें आहे. त्यानें जें सांगितलें नाहीं तें असें कीं, याच वादांत ऱ्होड आयलंडचा गव्हर्नर स्टीफन हॉपकिन्स यानें, दुसऱ्याच्या मर्जीवर जगणें म्हणजे गुलामगिरी, असा युक्तिवाद छापून प्रसिद्ध केला, आणि त्या वेळीं या गव्हर्नरसाहेबांच्या स्वतःच्या घरीं गुलाम राबत होते. आम्ही त्यांस ढोंगी म्हणत नाहीं. ढोंगी मनुष्यास निदान विसंगति ठाऊक असते.

स्वातंत्र्यानंतर ही मळी पाकशास्त्राच्या पुस्तकांत आली. अमेलिया सिमन्स हिचें १७९६ सालीं हार्टफर्ड येथें निघालेलें पुस्तक अमेरिकन व्यक्तीनें लिहिलेलें पहिलें पाकशास्त्र समजतात. त्यांत मळीचा आल्याचा केक आहे, आणि कुकी हा मूळचा डच शब्दहि आहे. पीठ फुगविण्यास तिनें लांकडाच्या राखेंतून काढलेला शुद्ध क्षार वापरला. अमेरिकन सरकारनें १७९० सालीं दिलेलें पहिलें पेटंट हा क्षार बनविण्याच्या रीतीचेंच होतें. पुढें १८४६ पासून चर्च व ड्वाइट यांचा सोडा न्यूयॉर्कमधून विकला जाऊं लागला व राखेची कटकट संपली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढरी साखर स्वस्त झाली, आणि गरिबाची ही गोडी मागें पडत हौसेची गोष्ट होऊन बसली.

बोस्टनच्या उत्तरेस मार्बलहेड म्हणून कोळ्यांचें गांव आहे. तेथें असें सांगतात कीं, स्वातंत्र्ययुद्धांत लढलेला जोसेफ ब्राउन हा कृष्णवर्णी गृहस्थ व त्याची पत्नी ल्युक्रीशिया टेकडीवर एक गुत्ता चालवीत, आणि तिच्या हातच्या ताटलीएवढ्या कुकींची ख्याति साऱ्या बंदरांत होती. त्यांत मळी, रम आणि समुद्राचें खारें पाणी असे. दूध नाहीं, अंडें नाहीं. मासेमारीस निघालेलीं गलबतें या कुकींचीं पिपें भरून नेत. त्या लवकर नासत नसत, आणि आठवडे लोटले तरी मऊच राहत.