ग्रीक नावांचे मराठी बारसे

तलाव आणि बोरे या दोन गोष्टींसाठी ज्याचे नाव घेतले जाते ते मेहरूण आता जळगाव महापालिकेच्या हद्दीत आहे, आणि तिथल्या बारशाला पुण्या-मुंबईच्या बारशापासून वेगळे काढणे अवघड झाले आहे. पाळण्यामागच्या फलकावर कधी 'रिया' असते, कधी 'मायरा'. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले की पाठीवर धपाटे बसतात, पेढे वाटले जातात, आणि कोणीतरी विचारतेच की या नावाचा अर्थ काय. मग मोबाईलवर शोध होतो आणि उत्तर मिळते, 'ग्रीक नाव आहे'. या उत्तराने घर सुखावते. नाव आळीत दुसऱ्या कोणाचे नाही, उच्चाराला सोपे आहे, आणि त्याला दूरच्या, जुन्या, सुसंस्कृत देशाचा वास आहे. या वासाची मला शंका आहे. ग्रीक भाषा बोलणारी माणसे महाराष्ट्रात खरोखर येऊन गेली, पण मुलींची ग्रीक नावे त्यांच्याबरोबर आली नाहीत. ती पुढे आली तेव्हा आणणारे लोक वेगळेच होते, आणि म्हणून त्या नावांभोवती जे भाव जमले त्यांत ग्रीस जवळजवळ नाहीच.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस' हे समुद्रप्रवासाचे टिपण उपलब्ध आहे. भडोच बंदरात काय विकत घ्यावे, काय विकावे, कुठे गाळात जहाज रुतते, असा त्याचा रोखठोक मजकूर. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, असे अंतर तो देतो. ही वाट तापीचे खोरे ओलांडून सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगरातून वर चढत असावी असे मानायला चांगली जागा आहे. चाळीसगावच्या दक्षिणेला, खानदेश जिथे संपतो तिथल्या घाटाशेजारी पितळखोऱ्याची लेणी आहेत, आणि तिथे दान देणाऱ्यांत पैठणचा गंधी आहे. म्हणजे पैठणचा माल आणि पैसा या वाटेने हिंडत होता. आता त्या टिपणातली मुद्द्याची ओळ. भडोचच्या राजासाठी कोणती नजराण्याची चीज न्यावी, या यादीत चांदीची भांडी, गाणारी मुले, उंची मद्य यांच्याबरोबर अंतःपुरासाठी देखण्या कुमारिका आहेत. त्या ग्रीकच होत्या असे लेखक म्हणत नाही, पण ग्रीक-रोमन जगातल्या बंदरांतून चढवलेल्या त्या मुलींत ग्रीक बोलणाऱ्या असणारच. मद्य कुठल्या गावचे हे लेखक नोंदवतो, मुलीचे नाव मात्र नोंदवत नाही. पश्चिम भारतात ग्रीक मुली आल्याचा हा सर्वांत थेट पुरावा, आणि त्यात एकही नाव नाही.

ज्यांची नावे दगडावर उरली ते दानशूर यवन. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावे कोरली आहेत: सिंहधय, यशवर्धन, धम्म. जुन्नरला चंद आणि चित नावाचे यवन आहेत, आणि पाण्याची दोन टाकी देणारा इरिल आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत उत्तरेकडून आलेला योनक इंद्राग्निदत्त आहे. त्याच्या बापाचे नाव धर्मदेव आणि मुलाचे धर्मरक्षित. तीन पिढ्या, तिन्ही नावे इथली. एकट्या इरिलाच्या नावात परका आवाज ऐकू येतो. आणि या सगळ्या मंडळींत बाई एकही नाही.

बाया आहेत त्या दुसऱ्या परक्या घरांतल्या, आणि त्यांची साक्ष मला जास्त मोलाची वाटते. क्षत्रप राजा नहपान हा शक. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर ब्राह्मी आणि खरोष्ठीबरोबर ग्रीक लिपी आहे. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांच्या साठ्यात ही लिपी स्पष्ट दिसते, जरी त्यांतल्या बहुतेकांवर पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारला. ज्या राजाला आपले नाव ग्रीक अक्षरांत लिहून घ्यावेसे वाटले, त्याच्या मुलीचे नाव काय होते? दक्षमित्रा. जावई उषवदात याच्या लेण्यात, नाशिकलाच, तिने स्वतः ओवरी दान दिल्याचा लेख आहे. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात त्याच डोंगरावर आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कायम ठेव ठेवणारी एक बाई भेटते. तेल्यांच्या श्रेणीसह निरनिराळ्या कारागिरांकडे तिने पैसे गुंतवले. ती स्वतःला शकनिका म्हणवते, बापाचे नाव अग्निवर्मा सांगते आणि स्वतःचे विष्णुदत्ता. वंश लपवलेला नाही, नाव मात्र पूर्ण इथले. पितळखोऱ्यात राजवैद्य मगिल याची मुलगी दत्ता दान देते; ती तर इथलीच. दत्ता आणि विष्णुदत्ता शेजारी ठेवल्या तर कोण बाहेरची हे नावावरून ओळखता येत नाही. परकी घराणी नाण्यावर आपली खूण ठेवत होती. पाळण्यावर ठेवत नव्हती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की 'यवन' म्हणजे ग्रीकच कशावरून? पश्चिमेकडून आलेल्या कोणालाही यवन म्हणत असतील. आक्षेप खरा आहे, पण त्याने माझे म्हणणे ढिले होत नाही, उलट आवळते; कारण ग्रीक म्हणवता येईल असा गट आणखी लहान होतो आणि नावे सापडण्याची शक्यता आणखी कमी. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. दान देताना माणसे धर्माला साजेसे नाव लिहीत असतील आणि घरी डेमेट्रिया, सोफिया अशा हाका मारत असतील. असेलही. शिलालेख घरातल्या हाका जपत नाहीत. पण नाव समाजात टिकते ते घरातल्या हाकेने नव्हे, चारचौघांत मिरवल्याने. चारचौघांत मिरवायचा क्षण आला तेव्हा या घरांनी दक्षमित्रा निवडले. तिसरा आक्षेप नाण्यांचा. भारतीय भूमीवर ग्रीक राणीचे नाव नाण्यावर आलेच आहे, अगाथोक्लिया आणि हर्मियसबरोबर कॅलिओपी. ही नावे खरी, आणि सुंदरही. पण ती वायव्येच्या टोकाला, ग्रीक राजांच्या टांकसाळीत उमटली. गोदावरी-तापीच्या खोऱ्यात त्यांचा मागमूस नाही.

आणि हेलन? सेल्यूकसची मुलगी हेलन चंद्रगुप्त मौर्याला दिली, हे आपल्यातल्या पुष्कळांना इतिहास म्हणून पाठ असते. ग्रीक लेखकांनी नोंदवला आहे तो फक्त सोयरिकीचा तह; मुलीचे नाव त्यांनी दिलेले नाही. हेलन हे नाव द्विजेंद्रलाल रॉय यांनी 1911 च्या आपल्या बंगाली नाटकात घातले. हिंदीत जयशंकर प्रसादांनी त्याच कथेवर 'चंद्रगुप्त' लिहिले तेव्हा नायिकेला कार्नेलिया केले, जे नाव मुळात रोमन आहे. भारतातली सर्वांत प्रसिद्ध ग्रीक मुलगी नाटककारांच्या पसंतीने नाव बदलत राहिली, याचे कोणाला काही वाटले नाही. प्रेक्षकाला हवा होता परकेपणाचा गोड आवाज, आणि तो दोन्ही नावांत होता.

मराठी-कोंकणी मुलखात ग्रीक मूळ असलेली स्त्रीनावे खरोखर आली ती पोर्तुगीज जहाजांतून. अल्बुकर्कने 25 नोव्हेंबर 1510 रोजी गोवे जिंकले. तो दिवस अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनचा, म्हणून जुन्या गोव्यातले मोठे कॅथेड्रल तिच्या नावाचे. ग्रीकभाषक नगरीतल्या एका संतिणीचे नाव गोव्यात रुजले आणि त्याच्याशी जोडला गेला एका लढाईचा दिवस. पुढे गोव्यात आणि वसईत संतांच्या सणांवरून मुलींची नावे ठेवण्याची रीत पडली. फिलोमिनाचे उदाहरण तर नमुनेदार आहे. 1802 मध्ये रोमच्या एका भुयारी स्मशानात काही अस्थी सापडल्या, शेजारच्या फरशांवरच्या अक्षरांवरून नाव जुळवले गेले आणि एकोणिसाव्या शतकात तिची भक्ती जगभर पसरली. 1961 साली रोमने तिचा सण पंचांगातून काढला. तोपर्यंत वसई-गोव्यात फिलोमिना नावाच्या आज्या-मावश्या घरोघर झाल्या होत्या, आणि आपले नाव मुळात ग्रीक आहे हे त्यांच्या गावी नव्हते. त्यांच्या लेखी ते 'आपल्या लोकांचे' नाव होते.

प्रोटेस्टंट घरांत वाट आणखी वेगळी. मराठी नवा करार बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनने 1811 मध्ये छापला. त्यातून जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया, विधवांसाठी कपडे शिवणारी दुर्कस, किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी, तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके अशा ग्रीक नावांच्या बाया मराठी वाक्यांत वावरू लागल्या. पंडिता रमाबाईंनी तर मूळ ग्रीक आणि हिब्रू शिकून, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून सबंध बायबलाचे मराठी भाषांतर केले. 1922 मध्ये त्या गेल्या. भाषांतर 1924 मध्ये बाहेर आले. ग्रीक वाचू शकणाऱ्या या बाईने आपल्या मुलीचे नाव मनोरमा ठेवले होते. खानदेशात भुसावळ-जळगावपासून नवापूरपर्यंत मिशनची केंद्रे झाली, शाळा-दवाखाने आले, आणि त्याबरोबर लिडिया, युनिस, फिबी ही नावे मराठी आडनावांच्या आधी लागू लागली. इथेही नावाचा मोह ग्रीसचा नव्हता. लिडिया म्हणजे स्वतःचा धंदा सांभाळून घराचे दार उघडणारी बाई, युनिस म्हणजे मुलाला शिकवणारी आई. उपदेशात ऐकलेली माणसे पाळण्यात उतरली.

हीच रीत बिनख्रिस्ती खानदेशातही दिसते. जळगावजवळच्या असोद्यात 1880 साली जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाईंचे घर घ्या. भाऊ घमा, गना, घना. बहिणी अहिल्या, सीता, तुळसा. लग्नानंतर त्यांची स्वतःची मुले ओंकार, सोपान, काशी. पोथी, कीर्तन, तीर्थ, अंगणातले वृंदावन, यांपलीकडची एकही ध्वनिलहर या यादीत नाही. नाव म्हणजे घरात रोज जे ऐकू येते त्यातला वेचा. कीर्तन ऐकणाऱ्याकडे सोपान आला, उपदेश ऐकणाऱ्याकडे लिडिया आली.

मग मायरा कुठून आली? ग्रीक जगात मायरा नावाचे एक शहर होते, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर. मुलीचे नाव म्हणून ते रूढ झाले ते फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीमुळे, ज्याने सुमारे चारशे वर्षांपूर्वी आपल्या कवितेतल्या प्रेयसीसाठी ते वापरले. आपल्याकडे ते येण्याचे कारण याहून साधे आहे. मघा नक्षत्राची अक्षरे मा, मी, मू, मे. 'मा' आले की मालती, माधुरी, मानसी ही नावे आई-मावश्यांनी वापरून झालेली असतात. चित्रा नक्षत्राच्या शेवटच्या चरणाला 'री' येते, आणि 'री'ने सुरू होणारी नावे फार नाहीत. तिथे रिया सापडते. पंचांगाने अक्षर द्यायचे आणि मोबाईलने नाव, असा हा नवा करार आहे. त्यात झ्यूसच्या आईचा, म्हणजे ग्रीक पुराणातल्या रीआचा, संबंध शोभेपुरता.

यात वाईट काही नाही. फिलोमिनाला जसा रोमचा निर्णय आडवा आला नाही तशी मायरालाही ही माहिती आडवी येणार नाही, आणि पन्नास वर्षांनी मेहरूणच्या मायरा आजीबाईंचे नाव अस्सल जुने खानदेशी वाटेल. मात्र दूरदेशीचा आणि जुन्या काळाचा स्पर्श असलेले, आळीत दुसऱ्या कोणाचे नसलेले नाव हवे, एवढीच अट असेल आणि पंचांगातून अक्षर 'द' आले असेल, तर नाशिकला एक फेरी मारावी. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात ओवरीच्या दारावर ते कोरलेले आहे.