कॅनडा–अमेरिका सीमेवरील अभ्यागतांच्या मुक्कामाची मर्यादा

कॅनडा आणि अमेरिका (संयुक्त संस्थाने) या देशांपैकी एका देशातील व्यक्ती अभ्यागत म्हणून दुसऱ्या देशात गेली असता तिला तेथे किती काळ राहता येते, हे दोन्ही देशांच्या स्थलांतरविषयक कायद्यांनी ठरते. दोन्हीकडे सर्वसाधारण मर्यादा सहा महिन्यांची आहे. सुमारे ८,८९१ किलोमीटर लांबीच्या या सीमेच्या दोन बाजूंना राहणाऱ्या जोडप्यांच्या दृष्टीने हे नियम विशेष महत्त्वाचे ठरतात. "वर्षातून सहा महिने राहण्याचा हक्क" असा या मर्यादेचा अर्थ लावला जातो, परंतु तो बरोबर नाही. सहा महिने हा हक्क नसून, प्रवेशाच्या वेळी सीमा अधिकाऱ्याने देऊ केलेला कालावधी आहे. तो त्याहून कमी असू शकतो, आणि प्रवेश नाकारलाही जाऊ शकतो.

कॅनडातील नियम

अमेरिकी नागरिकांना कॅनडात जाण्यासाठी अभ्यागत व्हिसा लागत नाही. अधिकाऱ्याने वेगळी तारीख न दिल्यास प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने मुक्काम करता येतो. पारपत्रावर शिक्का मारला नसला तरी हीच मुदत लागू होते. अधिकाऱ्याला शंका वाटल्यास तो "अभ्यागत नोंद" नावाचा कागद देऊन त्यावर देश सोडण्याची नेमकी तारीख लिहितो.

मुदतवाढीसाठी देशात राहूनच अर्ज करता येतो. तो मुदत संपण्याच्या किमान ३० दिवस आधी करावा, अशी सरकारची सूचना आहे. मुदतीच्या आत अर्ज केला असल्यास निर्णय येईपर्यंत व्यक्तीचा मुक्काम वैध मानला जातो. मुदत उलटून गेल्यास ९० दिवसांच्या आत दर्जा पूर्ववत करण्याचा अर्ज करता येतो, मात्र तो मंजूर होईलच याची खात्री नसते.

अमेरिकेतील नियम

कॅनडाच्या नागरिकांना पर्यटनासाठी किंवा भेटीसाठी अमेरिकेचा व्हिसा घ्यावा लागत नाही. तरीही त्यांचा प्रवेश बी-२ या अभ्यागत वर्गातच होतो आणि तो साधारणतः सहा महिन्यांपर्यंतचा असतो. रस्त्याने येणाऱ्या कॅनेडियन नागरिकांना आय-९४ हे आगमनपत्र बहुधा दिले जात नाही. त्यामुळे देश सोडण्याची तारीख कोठेही लिहिलेली नसते, आणि गैरसमजांचे एक कारण हेच आहे. एप्रिल २०२५ पासून, असे आगमनपत्र नसलेल्या आणि ३० दिवस किंवा अधिक काळ राहणाऱ्या कॅनेडियन नागरिकांनाही सरकारकडे नोंदणी करणे आवश्यक झाले आहे.

अमेरिकी कायद्यानुसार येणारी प्रत्येक परदेशी व्यक्ती कायम स्थायिक होण्यासाठीच येत आहे, असे गृहीत धरले जाते. तसे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रवाशावर असते. ठरावीक तारखेपर्यंत प्रवेश मिळालेली व्यक्ती त्यानंतर १८० दिवसांपेक्षा अधिक काळ बेकायदा राहून परत गेल्यास तिच्यावर तीन वर्षांची, तर एक वर्ष किंवा अधिक राहिल्यास दहा वर्षांची प्रवेशबंदी येते.

जोडीदाराच्या भेटी आणि सीमेवरील चौकशी

पूर्वी सीमा ओलांडून बाहेर पडल्याची नोंद फारशी होत नसे. दोन्ही देशांनी प्रवेशाच्या माहितीची देवाणघेवाण टप्प्याटप्प्याने वाढवली. एका देशात झालेली प्रवेशाची नोंद दुसऱ्या देशात निर्गमनाची नोंद म्हणून धरली जाते. २०१९ पासून भूसीमेवर ही पद्धत दोन्ही देशांच्या नागरिकांनाही लागू आहे. परिणामी एखाद्या प्रवाशाने मागील वर्षात किती दिवस पलीकडे घालवले, हे अधिकाऱ्यास पडद्यावर दिसू शकते.

एक-दोन दिवसांसाठी बाहेर पडून परत आल्यास नवे सहा महिने मिळतात, हा समजही धोक्याचा आहे. जी व्यक्ती वर्षातील बहुतांश काळ जोडीदाराच्या घरी घालवते, ती भेटीस आली नसून तेथेच राहते, असा निष्कर्ष अधिकारी काढू शकतो. मायदेशातील नोकरी, घराचा भाडेकरार, परतीचे तिकीट अशा गोष्टी येथे पुरावा म्हणून उपयोगी पडतात. जोडीदार असणे हा गुन्हा नाही, पण तो परत न जाण्यामागचे कारण म्हणून पाहिला जातो. ही बाब लपवून खोटे उत्तर दिल्यास मूळ संशयापेक्षा अधिक गंभीर परिणाम होतात. अमेरिकेत खोट्या निवेदनाबद्दल कायमची प्रवेशबंदी लागू शकते.

स्थायी वास्तव्याचे मार्ग

कॅनडात विवाहित जोडीदाराबरोबरच किमान एक वर्ष सलग एकत्र राहिलेल्या अविवाहित जोडीदारालाही प्रायोजित करता येते. येथे एक पेच निर्माण होतो: एकत्र राहण्याची अट बारा महिन्यांची आणि अभ्यागताची मुदत सहा महिन्यांची. त्यामुळे अनेक जोडपी मुदतवाढ घेऊन हे वर्ष पूर्ण करतात. अमेरिकेत अविवाहित सहजीवनाच्या आधारे असे प्रायोजन होत नाही. तेथे विवाह तरी करावा लागतो, किंवा नियोजित वधू-वरांसाठीचा के-१ व्हिसा घेऊन प्रवेशानंतर ९० दिवसांत विवाह करावा लागतो.

कॅनडाने २००५ मध्ये समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिली. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने मात्र २०१३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या विंडसर निकालापर्यंत असे विवाह स्थलांतरासाठी ग्राह्य धरले नव्हते. तोपर्यंत अमेरिकी नागरिकाला आपल्या समलिंगी जोडीदारास प्रायोजित करता येत नसे. ज्या जोडप्यांना दुसरा व्हिसा उपलब्ध नव्हता, त्यांच्यापुढे अभ्यागत म्हणून येत-जात राहणे किंवा कॅनडात स्थायिक होणे एवढेच पर्याय उरत.

कोविड काळातील बंदी

२१ मार्च २०२० पासून अनावश्यक प्रवासासाठी भूसीमा बंद झाली. जून २०२० मध्ये कॅनडाने पती-पत्नी आणि एकत्र राहणारे जोडीदार अशा निकटच्या कुटुंबीयांना सवलत दिली. प्रेमसंबंधातील, पण वेगळी राहणारी जोडपी तिच्या बाहेर राहिली. किमान एक वर्षाचे संबंध असल्याचे शपथपत्र देणाऱ्यांना ऑक्टोबर २०२० पासून प्रवेश मिळू लागला. दरम्यान ब्रिटिश कोलंबिया आणि वॉशिंग्टन यांच्या सीमेवरील पीस आर्च उद्यान जोडप्यांचे भेटीचे ठिकाण बनले. कॅनडाने आपल्या बाजूचा भाग जून २०२० मध्ये बंद केला, पण अमेरिकेकडील भाग खुला राहिला आणि कॅनेडियन नागरिक पायी तेथे जात राहिले. तेथे तंबूत विवाह समारंभही पार पडले. लस घेतलेल्या अमेरिकी नागरिकांसाठी कॅनडाने ९ ऑगस्ट २०२१ रोजी सीमा उघडली. अमेरिकेने आपली भूसीमा ८ नोव्हेंबर २०२१ रोजी खुली केली.

कर आणि आरोग्यविमा

दिवसांची मोजणी केवळ स्थलांतर खातेच करते असे नाही. अमेरिकी करकायद्यात चालू वर्षाचे सर्व दिवस, मागील वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश यांची बेरीज केली जाते. ती १८३ झाली आणि चालू वर्षातील मुक्काम किमान ३१ दिवसांचा असला, तर व्यक्ती करासाठी निवासी ठरू शकते. दरवर्षी सुमारे १२२ दिवस राहणाराही या हिशेबात सापडतो. कॅनडाशी अधिक निकटचे संबंध असल्याचे विवरण भरून यातून सूट मिळवता येते. ओंटारियो प्रांतात सरकारी आरोग्यविमा टिकवण्यासाठी कोणत्याही बारा महिन्यांत प्रांताबाहेर २१२ दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. इतर प्रांतांचे आकडे वेगळे आहेत.

भारतीय नागरिक

कॅनडात कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या भारतीय नागरिकालाही अमेरिकेतील जोडीदाराच्या भेटीसाठी बी-२ व्हिसा लागतो. उलट दिशेने, अमेरिकेचे ग्रीन कार्ड असलेल्या भारतीयाला कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पण एच-१बी धारकाला लागतो. एच-१बी व्हिसाचा शिक्का कालबाह्य झाला असला तरी आय-९४ वैध असल्यास, कॅनडात ३० दिवसांपर्यंत राहून नव्या शिक्क्याविना अमेरिकेत परतता येते. मात्र त्या भेटीत नव्या व्हिसासाठी अर्ज केल्यास ही सवलत मिळत नाही. एच-१बी धारकाच्या अविवाहित जोडीदारास अवलंबितांचा एच-४ व्हिसा मिळत नाही. त्याच्यासाठी बी-२ व्हिसाचा विचार होऊ शकतो.