नक्षीचे मोल आणि नगाची मजुरी : सोलापूरच्या दरनिश्चितीचा इतिहास

ग्राहकाच्या गरजेप्रमाणे खास तयार करून द्यायच्या सॉफ्टवेअरचे किती पैसे घ्यावेत, हा प्रश्न संगणकयुगाचा मानला जातो; परंतु काम हाती घेण्यापूर्वी त्याचा दर बांधणे, ते अंदाजापेक्षा लांबल्यास तोटा कोणी सोसायचा हे ठरवणे आणि कल्पनेचे मोल श्रमाच्या मोलापासून वेगळे काढणे, या तिन्ही अडचणी सोलापूरच्या विणकरांना आणि विडी कामगारांना दीर्घकाळ परिचित आहेत.

सोलापुरात 1877 मध्ये पहिली कापड गिरणी उभी राहिली, तरी हातमाग मागे पडला नाही. उलट तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांमुळे तो वाढला आणि त्यांच्यापैकीच काही जण पुढे कारखानदार झाले. कारखानदार म्हणजे स्वतःचे माग एका जागी मांडून, सूत पुरवून, इतरांकडून मजुरीने विणून घेणारा. मजुरी देण्याच्या रीती मुख्यतः तीन होत्या : दिवसाच्या हिशेबाने दिली जाणारी रोजंदारी, विणलेल्या प्रत्येक लुगड्यामागे वा चादरीमागे मिळणारी नगावरची मजुरी आणि संपूर्ण कामाची एकच रक्कम आधी ठरवणारे उक्ते काम. विणकामात नगाची पद्धत रूढ झाली, कारण तीत कारखानदाराला आपला खर्च आधीच कळत असे आणि विणकराच्या कामावर सतत नजर ठेवावी लागत नसे.

नगाच्या दरात मात्र बरेच श्रम अदृश्य राहत. नवा ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, मागावर चढवणे, तुटलेले धागे सांधणे, आडव्या धाग्यासाठी कांड्या भरणे आणि सूत येईपर्यंत खोळंबून बसणे, हा सारा वेळ विणकराच्या आणि त्याच्या घरातील बायकामुलांच्या खाती पडत असे. अडीनडीला घेतलेली उचल, म्हणजे मजुरीपोटी मिळालेली आगाऊ रक्कम, डोक्यावर असली की दराविषयी घासाघीस करण्याचे त्याचे बळही कमी होई. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने दख्खनमधील नागरी हस्तव्यवसायांचा अभ्यास 1936 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आणि पुढे धनंजयराव गाडगीळ यांनी सोलापूर शहराच्या अर्थजीवनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो या व्यवसायांचे महत्त्व ओळखूनच.

ज्या चादरीने सोलापूरचे नाव देशभर नेले, तिची नक्षी जकार्डवर उठते. जोसेफ मारी जकार्ड यांनी फ्रान्समधील लियाँ येथे 1804 च्या सुमारास सिद्ध केलेल्या या यंत्रणेत नक्षी प्रथम चौकटींच्या कागदावर उतरवतात आणि तिच्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना छिद्रे पाडतात. सामान्यतः एक कार्ड आडव्या धाग्याच्या एका फेरीसाठी असते आणि त्यातील छिद्रांवरून कोणते उभे धागे उचलायचे हे ठरते. ही कार्डे करण्याचा खर्च एकदाच येतो; हजार चादरी विणल्या तर तो प्रत्येकीवर नाममात्र पडतो, पण एखाद्या संस्थेला स्वतःच्या नावाच्या मोजक्याच चादरी हव्या असतील, तर तोच खर्च विणाईहून जड होतो. नक्षीची नक्कल करणे सोपे असल्यामुळे ती काढणाऱ्याला एकदाच काय मिळेल तेवढेच मिळे. छिद्रांच्या कार्डांची हीच कल्पना 1830 च्या दशकात चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी स्वीकारली, त्यामुळे चादरीची नक्षी आणि संगणकाचा प्रोग्रॅम यांचे नाते केवळ उपमेचे नाही, वंशाचे आहे.

शहराच्या दुसऱ्या मोठ्या व्यवसायात, विडीकामात, मजुरी हजार विड्यांमागे ठरते आणि तेंदूपाने भिजवण्या-कापण्यात गेलेला वेळ त्या हजारातच धरला जातो. तयार विड्यांतील काही सदोष ठरवून बाजूला काढण्याला छाट म्हणतात. छाट किती करावी हे माल घेणाराच ठरवू लागल्यामुळे वाद वाढले आणि 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्यात कच्चा माल, छाट आणि छाटलेल्या मालाची मजुरी यांवरील तंटे सोडवण्याची तरतूद करावी लागली.

सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी निघाली ती बरीच उशिरा. आयबीएम कंपनीने 1969 मध्ये सॉफ्टवेअरचे बरेचसे मोल यंत्राच्या भाड्यातून वेगळे करण्याचे जाहीर केले. त्याच कंपनीतील अॅलन अल्ब्रेक्ट यांनी 1979 मध्ये, प्रोग्रॅम वापरणाऱ्याला कोणकोणती कामे करून देतो यावरून त्याचा आकार मोजण्याची ‘फंक्शन पॉइंट’ पद्धत मांडली आणि बॅरी बोएम यांनी 1981 मध्ये खर्चाच्या अंदाजाचे गणित ग्रंथरूपाने दिले. तासाचा दर ही रोजंदारी होय, ठरावीक रकमेचा करार हे उक्ते काम होय आणि फंक्शन पॉइंटचा हिशेब हा नगाच्या मजुरीचा आप्त होय. पहिल्या रीतीत अंदाज चुकल्याचा भार ग्राहकावर पडतो, दुसरीत तो करणाऱ्यावर येतो आणि तिसरीत नगाची व्याख्या किती नेमकी आहे यावर न्याय अवलंबून राहतो.

सोलापूरचा अनुभव या बाबतीत स्पष्ट आहे. जो श्रम दराबाहेर राहिला, तो फुकट गेला. जी नक्षी वेगळी मोजली नाही, तिचा लाभ विकणाऱ्याला झाला. आणि जिथे मालाची पारख एकट्या घेणाऱ्याच्या हाती राहिली, तिथे कायद्याला मध्ये पडावे लागले. म्हणून सॉफ्टवेअर करून देणाऱ्याने रचनेचे मोल बांधणीपासून वेगळे सांगावे, ग्राहकाच्या उत्तराची वाट पाहण्यात आणि दुरुस्त्यांत जाणारा वेळ हिशेबात धरावा आणि काम पूर्ण झाले हे कशावरून मानायचे ते दर ठरण्यापूर्वीच लेखी करून घ्यावे.