निलंबन-सांधे, आडवाटेच्या वाहनांचे

निलंबन-सांधे, आडवाटेच्या वाहनांचे : मोटारवाहनाची चाके सांगाड्याशी जोडणाऱ्या आणि रस्त्यावरील धक्के सौम्य करून सांगाड्यापर्यंत पोहोचविणाऱ्या यंत्रणेस निलंबन म्हणतात. या यंत्रणेतील स्प्रिंगा, आस व नियंत्रक भुजा यांना वरखाली हालता यावे, पण त्यांनी आपली जागा सोडू नये, यासाठी त्यांच्या टोकांशी जे फिरते जोड बसवितात, ते निलंबन-सांधे होत. बुश, शॅकल व बॉल जॉइंट अथवा गोलक-सांधा हे त्यांचे प्रमुख प्रकार असून कारागिरांच्या बोलीतही हेच शब्द रूढ आहेत. सपाट डांबरी रस्त्यावरून धावणाऱ्या वाहनात या सांध्यांची हालचाल मर्यादित असते. ओढे, शेतवाटा व खडकाळ चढ ओलांडणाऱ्या वाहनात मात्र ती पूर्ण कक्षेपर्यंत जाते आणि पाणी, चिखल व धूळ यांच्याशी सांध्यांचा सतत संबंध येतो. अशा वाहनाची सुरक्षितता एंजिनाच्या शक्तीइतकीच या लहान भागांवर अवलंबून असते.

भूमी व वाटा : या सांध्यांची कसोटी पाहणारा प्रदेश म्हणून मराठवाड्यातील उदगीरच्या परिसराचा उल्लेख करता येईल. बालाघाटच्या रांगांत मोडणाऱ्या बीदर-उदगीर पठारावर जांभा दगड व तांबडी मुरमाड जमीन आढळते, तर नद्यांच्या खोऱ्यांत काळी कसदार माती आहे. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात व वाळल्यावर आकसतात. पावसाळ्यात ही माती चाके, भुजा व सांध्यांवरील रबरी टोप्या यांना लिंपून बसते व ओल धरून ठेवते; उन्हाळ्यात त्याच वाटेवर बारीक धूळ व बेसाल्टाची कच उडते. एकाच वर्षात एकाच सांध्याला या दोन्ही अवस्थांतून जावे लागते.

इतिहास : स्प्रिंगविरहित गाड्यात आस व चाकाचा तुंबा यांमधील जोड हा एकच महत्त्वाचा फिरता सांधा असे. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठे व निजाम यांच्यात झालेल्या उदगीरच्या युद्धात इब्राहिमखान गारदी याच्या तोफखान्याने मोठी कामगिरी केली. त्या काळच्या तोफांचे गाडे असेच स्प्रिंगविरहित होते. मराठवाड्यातील लाकडी बैलगाडीतही हीच रचना विसाव्या शतकापर्यंत टिकली. तुंबा काढून आखाला वंगण देणे हे गाडीवानाचे नित्याचे काम होते. वंगणाची हयगय झाल्यास चाक करकरू लागे व आख झिजे. तथापि हा दोष कानांना तत्काळ कळे आणि गावातील सुतार-लोहार तो दूर करू शकत. सांधा साधा, निगा वारंवार व दुरुस्ती जवळ, असे या व्यवस्थेचे स्वरूप होते.

जीपगाडीने या प्रदेशात स्प्रिंगयुक्त व चारही चाकांना शक्ती देणारे वाहन आणले. अमेरिकी सैन्याच्या १९४० मधील मागणीतून निर्माण झालेल्या या गाडीचे विलिस एमबी हे प्रतिमान १९४१ पासून मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. तिचे पुढील व मागील आस अखंड असून ते चार पट्टी-स्प्रिंगांवर, म्हणजे कारागिरांच्या भाषेत पाट्यांवर, बसविलेले होते. पट्टी-स्प्रिंग वजन पेलते, आसाला जागेवर धरते आणि गतिरोधाचे बलही सांगाड्याकडे नेते. त्यामुळे स्वतंत्र नियंत्रक भुजांची गरज उरत नाही. भार पडून स्प्रिंग सपाट झाली की तिची लांबी वाढते. म्हणून तिचे एक टोक खिळीवर स्थिर ठेवून दुसरे टोक शॅकल या झुलत्या दुव्यास जोडतात. खिळीचा एक व शॅकलचे दोन असे प्रत्येक स्प्रिंगमागे तीन, म्हणजे सर्व गाडीत बारा सांधे होतात. एमबीच्या शॅकलवर आटे पाडलेले धातूचे बुश असून त्यांपैकी काहींचे आटे उलटे होते. प्रत्येक शॅकलला ग्रीज भरण्यासाठी निपल दिलेले असे. ग्रीज-पंपाने जुने वंगण बाहेर पडेपर्यंत नवे भरले की चिखल व पाणीही त्याबरोबर बाहेर जाई.

युद्धानंतर निकाली निघालेल्या लष्करी जीपगाड्या भारतात अनेकांच्या हाती आल्या. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या व १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने विलिस जीपची जुळणी व पुढे निर्मिती हाती घेतली. १९५२ मध्ये सुरू झालेल्या सामूहिक विकास योजनेमुळे विकासगटांच्या कारभारात जीप हे ओळखीचे वाहन ठरले. त्या वेळी उदगीर हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले व १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात समाविष्ट झाले. १९६२ मध्ये महाराष्ट्रात पंचायत समित्या स्थापन झाल्यावर गटविकास अधिकाऱ्याची जीप खेड्यापाड्यांतून फिरू लागली. पाटे, खिळी व बुश हे भाग साध्या हत्यारांनी सुटणारे असल्याने तालुक्याच्या गावीही त्यांची दुरुस्ती शक्य होती.

दरम्यान अन्यत्र सांध्यांची रचना बदलत होती. लेऑन थीरी या अभियंत्याने १९२० नंतरच्या दशकात रबर-धातूचा बुश विकसित केला. धातूच्या दोन नळ्यांमध्ये रबर दाबून बसविलेले असल्याने हालचाल रबराच्या पिळण्यातून होते, पृष्ठभागांच्या घासण्यातून नव्हे. त्यामुळे त्यास वंगण लागत नाही व धूळ शिरण्यास फटही राहत नाही. गोलक-सांध्याचे एकस्व जर्मनीत फ्रिट्स फाउडी यांनी १९२२ मध्ये घेतले. अमेरिकेत १९३४ पासून मोठ्या मोटारींमध्ये पुढील प्रत्येक चाकास वरची व खालची अशा दोन भुजा देणारे स्वतंत्र निलंबन प्रचारात आले. त्यात प्रारंभी चाक वळविण्यासाठी किंगपिन कायम होती. १९५२ च्या लिंकन मोटारीत तिच्या जागी गोलक-सांधे आले. चाकाचे वरखाली होणे व वळणे या दोन्ही हालचाली एकाच सांध्यातून होऊ लागल्या.

आडवाटेच्या वाहनांत १९७० च्या रेंज रोव्हर मोटारीने अखंड आस व मळसूत्री स्प्रिंगा यांचा संयोग रूढ केला. मळसूत्री स्प्रिंग केवळ वजन पेलते. आसाला जागेवर धरण्यासाठी स्वतंत्र भुजा द्याव्या लागतात व प्रत्येक भुजेच्या दोन्ही टोकांना सांधे लागतात. महाराष्ट्रातील रांजणगाव येथे २०२१ मध्ये ज्या जीप रँग्लरची जुळणी सुरू झाली, तिच्या प्रत्येक अखंड आसास चार भुजा व एक आडवा दांडा आहे, म्हणजे दर आसामागे दहा सांधे येतात. महिंद्र कंपनीच्या २०१० च्या थार गाडीत पुढे पीळदांड्यांचे स्वतंत्र निलंबन व मागे पाटे होते. नासिक येथे तयार होऊ लागलेल्या २०२० च्या थारमध्ये पुढे दुहेरी भुजा व मळसूत्री स्प्रिंगा आल्या आणि मागील पाट्यांची जागा भुजा व मळसूत्री स्प्रिंगा यांनी घेतली. दुहेरी भुजांच्या निलंबनात सामान्यतः प्रत्येक बाजूस चार बुश व दोन गोलक-सांधे असतात. जुन्या जीपच्या चारही चाकांना मिळून जितके सांधे होते, तितके आता पुढील दोन चाकांनाच असतात.

निवड : सांधा निवडताना त्याची ताकद, हालचालीचा कोन, मळापासून संरक्षण व दुरुस्तीची सोय या चार गोष्टी पहाव्या लागतात. रबरी बुश धक्का व आवाज शोषतो आणि निगा मागत नाही. परंतु ठरावीक मर्यादेपलीकडे पिळल्यास रबर धातूपासून सुटते व बुश बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पॉलियुरेथेनचा बुश अधिक ताठर व टिकाऊ असतो. त्यात आतील नळी घासत फिरत असल्याने त्यास सिलिकोनयुक्त ग्रीज लागते आणि भुजा तिरपी वळण्यास तो अधिक विरोध करतो. संपूर्ण धातूचा गोलीय सांधा, ज्यास हाइम जॉइंट म्हणतात, अचूक असतो व मोठ्या कोनातून फिरतो. तो मूलतः विमानांच्या नियंत्रण-दांड्यांसाठी वापरात आला. त्यात धक्का शोषण्याची सोय नसते व उघड्या पृष्ठभागावर धूळ बसून तो लवकर ढिला होतो. यामुळे काळ्या मातीत नित्य चालणाऱ्या गाडीस तो सहसा योग्य नव्हे. धातूचा गोल प्लॅस्टिकसदृश वाटीत बसविलेला, ग्रीज-निपल असलेला व सुटा करून वाटी बदलता येणारा सांधा हा या दोहोंमधील मार्ग आहे.

गाडीची उंची वाढविल्यास भुजांचा मूळ कोन बदलतो. त्यामुळे गोलक-सांध्याचा दांडा वाटीच्या कडेवर टेकून वाकण्याचा किंवा तुटण्याचा धोका असतो. अशा वेळी केवळ अधिक जाड सांधा बसविणे पुरेसे होत नाही; भुजेची लांबी व कोनही जुळवावे लागतात.

निगा : गोलक-सांध्याचे आयुष्य त्याच्यावरील रबरी टोपीवर अवलंबून असते. टोपी फाटली की माती ग्रीजमध्ये मिसळून घासणाऱ्या लुकणाप्रमाणे काम करते व गोल आणि वाटी झपाट्याने झिजतात. म्हणून चिखल वाळण्यापूर्वी धुऊन काढणे हितावह असते. मात्र जोरदार फवारा थेट टोपीच्या कडेवर मारल्यास पाणी आत शिरते. निपल असलेल्या सांध्यात, विशेषतः ओढा पार केल्यानंतर, लिथियम साबणाचे जलरोधक ग्रीज भरतात. टोपी किंचित फुगेल इतकेच ते भरावे. अधिक दाबाने टोपी फुटते. रबरी बुशांना खनिज तेल लावू नये, कारण त्यामुळे नैसर्गिक रबर फुगून मऊ होते.

खड्ड्यातून जाताना ठोका ऐकू येणे, सुकाणू भरकटणे व टायर एका बाजूने झिजणे ही सांधा सैल झाल्याची लक्षणे होत. खालच्या भुजेवर स्प्रिंग टेकत असल्यास जॅक त्याच भुजेखाली लावून सांध्यावरील भार काढतात व पहारीने चाक उचलून खेळ पाहतात. जॅक सांगाड्याखाली लावल्यास स्प्रिंगच्या दाबामुळे सांधा घट्ट भासतो व दोष दडून राहतो. नवा सांधा बसविताना निमुळता दांडा व त्याचे भोक स्वच्छ व कोरडे ठेवतात. नट ठरलेल्या बलाने आवळल्यावर पिनेचे भोक जुळत नसेल, तर तो थोडा अधिक आवळावा, सैल करू नये. पिनही दर वेळी नवीच घालावी. रबरी बुशाचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना आवळतात. चाके लोंबकळत असताना ते आवळल्यास रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. काम संपल्यावर चाकांचे संरेखन तपासणे आवश्यक असते.

जुन्या व नव्या सांध्यांत सर्वांत मोठा भेद दोष प्रकट होण्याच्या रीतीत आहे. पाट्यांच्या गाडीत शॅकलचा बुश झिजला, तरी स्प्रिंग सहसा लगेच निसटत नाही. गाडी खडखडते, पण चालते. गोलक-सांध्याचा दांडा वाटीतून सुटल्यास मात्र चाक क्षणात आडवे होते व गाडीवरील ताबा जातो. बंदिस्त सांध्यामुळे वंगणाचे काम कमी झाले. त्याचबरोबर वंगण देताना दर वेळी गाडीखाली शिरून प्रत्येक जोड डोळ्यांखालून घालण्याची सवयही मोडली. मोठ्या कार्यशाळेपासून दूर असलेल्या तालुक्यांत ही सवय टिकविणे अधिक अगत्याचे ठरते. निलंबन-सांध्यांच्या विकासात निगेचे स्वरूप बदलले, तिची गरज संपली नाही : गाडीवानाच्या वंगणाची जागा आता ठरावीक मुदतीच्या तपासणीने घ्यावयाची आहे.