लेबल, पिंप आणि बाटली

ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातल्या दवाखान्यांत औषध तयार करणारा माणूस म्हणजे कंपाउंडर. डॉक्टरची चिठ्ठी वाचून तो अर्क, क्षार आणि पाणी मापून मिक्श्चर बनवी आणि मात्रेच्या खुणा असलेली कागदी पट्टी बाटलीला चिकटवी. 1948 च्या फार्मसी कायद्याने नोंदणीकृत फार्मासिस्ट आला. पाच वर्षे हे काम केलेल्या कंपाउंडरांनाही पहिल्या नोंदणीत जागा मिळाली. औषध बिघडले की मापणाऱ्या हाताला दोष द्यायचा, ही समजूत मात्र टिकून राहिली.

ती अपुरी असल्याचे 1902 मध्येच दिसले होते. परळच्या प्रयोगशाळेतली प्लेगची लस पंजाबातल्या मुल्कोवालला टोचल्यावर 19 जण धनुर्वाताने दगावले. सर्वांना एकाच बाटलीतली लस दिली होती, आणि बाटलीवर क्रमांक असल्यामुळेच शोध तिच्यापर्यंत पोहोचला. दोष परळचा की गावात बूच उघडणाऱ्याचा, हा वाद मात्र चालत राहिला. ही लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसायला 1907 उजाडले.

1986 च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. तेही रंगहीन, गोडसर आणि दाट असते, पण मूत्रपिंडे निकामी करते. अमेरिकेत 1937 साली याच द्रव्यात विरघळवलेल्या सल्फा औषधाने शंभरावर बळी घेतले होते, म्हणजे धोका जगाला ठाऊक होता. जे. जे.त माप चुकले नव्हते. ज्यावर विश्वास ठेवून मापले तो मालच भलता होता. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची सारी ढिलाई उघड केली.

एका मालाच्या जागी दुसरा जाण्याची ही कहाणी बोईसरलगतच्या तारापूर औद्योगिक वसाहतीलाही लागू पडते. तेव्हा ठाणे आणि 2014 पासून पालघर जिल्ह्यात असलेल्या या वसाहतीत औषधांचा कच्चा माल आणि इतर उद्योगांची रसायने जवळजवळच्या कारखान्यांत बनतात. 1988 मध्ये औषध नियमांत आलेल्या शेड्यूल एमने आलेला माल चाचणी होईपर्यंत वेगळा ठेवणे, नमुना तपासणे आणि मंजूर-नामंजूर पिंपे वेगवेगळी ठेवणे बंधनकारक केले. लेबलावर विसंबायचे नाही, हा त्यामागचा विचार.

तरीही डायएथिलीन ग्लायकॉल 2022 मध्ये गांबियात पोहोचलेल्या भारतीय सिरपांमध्ये सापडले. त्यानंतर 1 जून 2023 पासून खोकल्याच्या सिरपांच्या निर्यातीपूर्वी सरकारमान्य प्रयोगशाळेची तपासणी सक्तीची झाली.